तो हिरवा दिवा मी विझवला नाही

हे सगळं खरं घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा. पण वाचून झाल्यावर "झोप न झाल्याने भास झाला असेल" असं शहाणपण मला शिकवायला येऊ नका. ते तीन डॉक्टरांनी शिकवून झालंय.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चची चौदा तारीख, पहाटेचे चार. गाव ला वुएल्ता, आमच्या किब्दो शहरातून नदीने बोटीत सहा तास.

माझं नाव यास्निरा. मी शाळेत गणित शिकवते. मी घाबरट नाही, तापट आहे. माझा कुठलाही विद्यार्थी हे शपथेवर सांगेल.

माझ्या आईला, फेलिसाला, झोपेत श्वास थांबण्याचा आजार आहे. घोरता घोरता एकदम शांत होते. दहा सेकंद, वीस सेकंद... मग गचका देऊन परत श्वास घेते. दवाखान्यात एक रात्र तारा लावून मोजलं, तेव्हा आकडा आला तासाला अडतीस. तासात अडतीस वेळा माझी आई श्वास सोडून देते आणि परत धरते. म्हणून ती रात्री मास्क लावून झोपते. मशीन नळीतून हवा ढकलत राहतं, गळा मिटू देत नाही.

हाच आजार तिच्या धाकट्या बहिणीला होता. लेओ मावशीला.

मावशी ला वुएल्तामध्ये राहायची. तिथे वीज म्हणजे गावाचं जनरेटर. संध्याकाळी सहाला सुरू, रात्री दहाला बंद. तेही डिझेल असेल तर. मावशीच्या मशीनसाठी मी स्वतः अर्ज केला होता. आरोग्य कार्यालयाचं उत्तर एका ओळीत आलं.

"रुग्णाच्या घरी रात्रभर वीजपुरवठा नसल्याने मशीन मंजूर करता येत नाही."

वीज त्यांनीच दिली नाही. आणि वीज नाही म्हणून श्वासही नाही. ते पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी चार दिवस आरडाओरडा केला, आणि पाचव्या दिवशी सहामाही परीक्षेचे पेपर तपासायला बसले. बाकी काही केलं नाही. हे मी आज लपवत नाही.

मार्चमध्ये मावशी झोपेतच गेली. शेजारीण म्हणाली, "तिचं घोरणं थांबलं म्हणून आम्हाला जाग आली."

आईला दफनाला पोहोचता आलं नाही. पण "शेवटच्या रात्रीला मी जाणारच" म्हणून ती हटून बसली.

आमच्याकडे माणूस गेलं की नऊ रात्री घरात जागरण असतं. पांढऱ्या चादरीची पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडतात. तिला आम्ही थडगंच म्हणतो. वर काळ्या कापडाचं फूल, खाली मेणबत्त्या, आणि आत्म्याला तहान लागते म्हणून पाण्याचा ग्लास. बायका गाणी म्हणतात, पुरुष अंगणात डॉमिनो खेळतात. नवव्या रात्रीच्या शेवटी पहाटे ते थडगं उचलायचं. एकेक दिवा विझवायचा. घरात एकही उजेड ठेवायचा नाही, एकही आवाज करायचा नाही. दाराची वाट मोकळी सोडायची. मग आत्मा निघून जातो.

"थडगं उचलताना सख्खी बहीण नको का?" आई म्हणाली.

"आणि तिकडे तू झोपशील कशावर? वारा घालू का तोंडात?"

"तीन रात्री बसून काढीन."

"तुझं हृदय काढेल का?"

माझा धाकटा भाऊ हार्लिन तिथेच केळ्याचे काप खात बसला होता. म्हणाला, "ताई, घरचंच मशीन घेऊ ना. बोटीच्या बॅटरीला लावू. त्यात काय एवढं?"

हा आमच्या घरातला उंटावरचा शहाणा. घरचं मशीन भिंतीतल्या विजेवर चालतं. बोटीच्या बॅटरीला लावायचं तर मध्ये वीज बदलणारा डबा लागतो, आणि तो डबाच अर्धी बॅटरी खातो. पहाटे तीनला मशीन बंद. पहाटे तीनलाच तर आईचे श्वास सगळ्यात जास्त थांबतात.

मी मेदेयीन शहरातल्या एका दुकानात फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"कुठे निघालात मॅडम? कॅम्पिंग?"

"मयताला."

मग तिने फोनवर माहितीपत्रक पाठवलं. त्यावर तळ्याकाठी तंबू, तंबूत दाढीवाला गृहस्थ मास्क लावून झोपलेला, शेजारी कुत्रा. त्याच्याकडे वीज नाही म्हणजे तो सुट्टीवर आहे. आमच्याकडे वीज नाही म्हणजे ते आमचं गाव आहे. तेच मशीन त्याला आनंदाने विकतात आणि आम्हाला कागदावर नाही म्हणतात.

तरी मी डोकं थंड ठेवून निवड केली. सगळ्यात लहान मशीन, वजन एक किलोच्या आत. स्वतःची बॅटरी असलेलं, म्हणजे मध्ये डबा नको. हवा गरम आणि ओलसर करणारं पाण्याचं भांडं वेगळं मिळत होतं, ते मी घेतलं नाही, कारण सगळ्यात जास्त वीज तेच खातं. घसा कोरडा पडेल, पडू दे. भांडं नसेल तर एक बॅटरी दोन रात्री चालते. मी दोन बॅटऱ्या घेतल्या. रात्री तीन, वीज चार रात्रींची. हिशोब चोख होता.

ते मशीन हातात घेतलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे मावशीलाही चाललं असतं. ते कधीपासून बाजारात होतं. मीच कधी शोधलं नव्हतं.

सातव्या रात्री आम्ही तिघं ला वुएल्तात पोहोचलो.

पहिल्या दोन रात्री आई जेमतेम दोन दोन तास आडवी झाली. डोळ्याला डोळा नाही. नुसती मास्क लावून छताकडे बघत पडायची.

आणि त्या दोन्ही रात्री मी एक गोष्ट पाहिली... वेदीवरचा ग्लास.

संध्याकाळी काठोकाठ भरलेला. सकाळी तीन बोटं रिकामा. कोणी हात लावत नाही त्याला. गाणाऱ्या बायकांची म्होरकी क्रिस्पिना आजी, पंच्याऐंशीची, मला म्हणाली, "तहानलीय ग ती. घसा कोरडा पडलाय तिचा."

मी म्हटलं, "उकडतंय, पाणी उडून जातं." गणिताची बाई ना मी!

नववी रात्र. दुपारीच डिझेल संपलं होतं. पाहुण्यांच्या बोटी ने-आण करण्यात गेलं. म्हणजे जनरेटर नाही, गाव अंधारात. माझ्याकडे दुसरी बॅटरी भरलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते.

रात्री एकला आई थकून म्हणाली, "जरा पडते. थडगं उचलायच्या आधी मला उठव. विसरू नकोस, यास."

"उठवते."

फळ्यांच्या भिंतीपलीकडे मावशीचीच खोली होती. तिथे मावशीच्याच खाटेवर ती झोपली. मी स्वतः मास्क लावला, बॅटरी जोडली. मशीनवरचा छोटा हिरवा दिवा लागला. सूंऽऽ... सूंऽऽ... ती लगेच झोपली. आठ दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली. मी कॉफी करायला मागच्या चुलीकडे गेले.

पहाटे चारला क्रिस्पिना आजीने टाळी वाजवली. खेळणारे आत आले. दार सताड उघडलं. सगळे दोन्ही बाजूंना सरकले.

आजीने घरभर नजर फिरवली आणि फळ्यांच्या फटीकडे बोट दाखवलं.

"तो हिरवा दिवा कसला?"

"आईचं मशीन आहे."

"विझव. आवाजही बंद कर. आणि फेलिसाला उठव."

"नाही."

घरात चाळीस माणसं.

"पोरी, दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांत तिचा श्वास सहा वेळा थांबतो, आजी! एक जण गेलीच आहे याच खाटेवर. आता रीत पाळायला दुसरी घालवू?"

"मग उठव तिला. बसून राहील."

"आठ रात्री झोपली नाहीये ती. आत्ता कुठे डोळा लागलाय. मी नाही उठवणार. तुम्हाला काय करायचं ते करा."

आजी माझ्याजवळ आली. तिच्या तोंडाला उसाच्या दारूचा वास होता, पण नजर अगदी शुद्धीतली.

"यास्निरा, उजेड दिसला की तिला वाटेल आपली अजून गरज आहे. श्वास ऐकू आला की तिला वाटेल आपण अजून जिवंत आहोत. मग ती जाईल कशी?"

"ती गेलीय! कागदावरच्या एका ओळीने मारलीय तिला! मेणबत्त्या विझवून काय होणार आहे?"

मी ओरडले. मयताच्या घरात ओरडले. मग आत जाऊन डोक्याचा रुमाल सोडला, मशीनवर टाकला. दिवा झाकला गेला. बाहेर येऊन म्हटलं, "झालं. करा सुरू."

आजी वेदीकडे वळली. गाणं सुरू झालं. एकेक मेणबत्ती विझत गेली. काळं फूल उतरवलं. चादर उतरवली.

शेवटची एकच मेणबत्ती उरली. गाणं थांबलं. दारातून नदीवरचा वारा येत होता, तो मला गालावर लागत होता. ज्योत दाराकडे झुकली की समजायचं, आत्मा निघाला. मी लहानपणापासून पाहिलंय.

ती झुकली...

पण दाराकडे नाही. वाऱ्याबरोबरही नाही. ती आडवी झाली फळ्यांच्या भिंतीकडे. आईच्या खोलीकडे.

आणि विझली.

अंधार. चाळीस माणसं श्वास रोखून उभी. त्या शांततेत मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. सूंऽऽ... सूंऽऽ...

फक्त तो आता मशीनसारखा येत नव्हता. मशीनचा आवाज एका लयीत असतो. हा मध्येच अडखळत होता. आत जाताना घुर्रर्र वाजत होता.

दोन श्वास होते. एक आईचा... आणि एक तिच्या जरा आधी येणारा.

मी स्वतःला सांगितलं, झोप नाही, भास होतोय. बघा, तुमच्या आधी मीच सांगितलं होतं.

मग लोक बाहेर पडले, कोणीतरी टॉर्च लावला, आणि हार्लिन माझ्यापाशी आला. मान खाली. हातात काहीतरी काळं.

"ताई, रागावू नकोस. ही घे."

आईच्या मशीनची बॅटरी होती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"अडीचला घेतली. पोरांचे फोन बंद पडले होते, आणि अंगणात खेळायला एक बल्ब... हिला फोनची पिन लागते ना. अर्ध्या तासात ठेवणार होतो, मग डाव रंगला."

"आधीची घ्यायचीस!"

"ती काल रात्रीच संपवली."

मी त्याच्या थोबाडीत मारली. ते नंतर. आधी एवढंच डोक्यात आलं, की अडीच ते चार. दीड तास. म्हणजे मी आजीशी भांडले तेव्हा... मी रुमाल टाकला तेव्हा... मशीनला वीजच नव्हती.

मग तो दिवा कसला होता?

मी आत धावले. रुमाल ओढला. हिरवा दिवा लागलेला. मी वायर हातात धरली आणि ओढत गेले. खाटेच्या मागून तिचं टोक माझ्या हातात आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

सूंऽऽ... सूंऽऽ...

आईची छाती वरखाली होत होती. सावकाश. शांत.

मी मास्कपासून नळी उपटली. नळीच्या तोंडातून हवा माझ्या मनगटावर आली. भांड्याशिवाय चालणाऱ्या मशीनची हवा गार आणि कोरडी असते. रोज रात्री मीच तपासायचे.

ही हवा गरम होती. ओली होती. आणि तिला तंबाखूचा वास होता.

लेओ मावशी सिगारेट उलटी ओढायची, पेटतं टोक तोंडात ठेवून. आमच्या जुन्या बायका तशाच ओढतात. तो जळका, ओला वास मी हजारात ओळखेन.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला.

"सोड तिला!" मी नळीच्या तोंडात ओरडले. "मावशी, तुझा राग माझ्यावर काढ. तुझ्यासाठी मी काही केलं नाही, मी! तिला सोड!"

नळीतून हवा येत राहिली.

आणि माझ्या लक्षात आलं, की आईचा श्वास थांबलाय.

दहा सेकंद. मी तिला हलवलं. वीस. तिच्या गालावर चापट मारली. "आई! ए आई!" तीस. एरवी ती वीस सेकंदात गचका देऊन उठते. चाळीस. हार्लिन दारात रडायला लागला. "ताई, बॅटरी लाव, बॅटरी लाव!" मी ती मेलेली बॅटरी जोडून पाहिली. काही नाही. पन्नास. तिचे ओठ टॉर्चच्या उजेडात राखाडी दिसायला लागले.

मी काय करायला हवं होतं? सांगा ना. तुम्ही काय केलं असतं?

मी ती नळी परत मास्कला लावली. माझ्या हाताने. मेलेल्या बाईचा श्वास माझ्या आईच्या तोंडावर मी माझ्या हाताने लावला.

आईने खोल श्वास घेतला.

उजाडल्यावर ती आपणहून उठली. मास्क काढला. मोकळी वेदी पाहिली आणि माझ्याकडे वळली.

"मला उठवलं नाहीस."

"आई, तू गाढ..."

"माझ्या बहिणीला निरोप द्यायला आले होते मी. तू कोण ठरवणारी?"

ती माझ्याशी बोटीत सहा तास बोलली नाही. निघताना मी क्रिस्पिना आजीला विचारलं, थडगं परत मांडता येईल का? परत नऊ रात्री करू. मी खर्च करते, मी जागते.

"गेलेल्याला दोनदा निरोप देता येत नाही," आजी म्हणाली. "बैल गेला नि झोपा केला."

किब्दोला आल्यावर मी भिंतीतली वीज लावली. घरचं जुनं मशीन, पाण्याचं भांडं, सगळं. आई झोपली... आणि श्वास थांबला. तीस सेकंद, चाळीस सेकंद. नवं मशीन विजेवर लावलं. तेच. शेवटी मी त्याची वायर काढली आणि बॅटरीही काढली.

हिरवा दिवा लागला.

तेव्हापासून रोज रात्री हेच. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनमधली नोंद तपासली. अडतीसवरून शून्य.

"अप्रतिम!" म्हणाले. "कुठलं मशीन घेतलंत? फार छान निवड केलीत."

मी त्यांच्या टेबलावरचं पेन भिंतीवर फेकलं. आई शेजारी बसून होती. शांतपणे म्हणाली, "तिचं ऐकू नका डॉक्टर. पोरगी तापट आहे."

आईला सगळं माहीत आहे. मी विचारलं तर म्हणते, "लहानपणी आम्ही एकाच खाटेवर झोपायचो. मला सवय आहे." भावाशी मी बोलत नाही. आरोग्य कार्यालयात जाऊन मी आजही दर महिन्याला भांडते. ते मावशीची फाईल बंद झाली म्हणतात.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. आज लिहायला बसले कारण गेल्या महिन्यापासून एक नवीन सुरू झालंय.

नळीतली हवा थांबते.

आधी मला वाटलं आईच. नाही. आई वाट बघत असते, छाती ताणून. थांबते ती नळी. घुर्रर्र... आणि मग काहीच नाही. दहा सेकंद. वीस सेकंद. मग गचका, आणि परत गरम, ओली हवा.

मावशीला हाच आजार होता. तिच्या आजारावर मशीन कोणी दिलं नाही. आता तिच्यासाठी मी कुठलं मशीन निवडू? कुठल्या दुकानात फोन करू? कुठे निघालात म्हणून विचारलं तर काय सांगू?

मी रात्रभर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसते. हवा थांबली की आकडे मोजते. पंधरा झाले की मशीनवर हात आपटते आणि ओरडते. शेजारी भिंतीवर ठोकतात, ठोकू देत.

"श्वास घे, मावशी! श्वास घे!"

मग ती घेते.

काल रात्री मी सहा वेळा ओरडले. सहाव्या वेळी तिला अठ्ठेचाळीस सेकंद लागले.